मदत हवी आहे: दुसरी बाईक म्हणून जुनी स्पोर्ट टूरर, कमी रनिंगची कावासाकी निन्जा ६५० की सर्व्हिसची बिलं असलेली कावासाकी व्हर्सिस ६५०?

नमस्कार मंडळी, बाईक घ्यायची हे नक्की झालंय, घरून होकार पण मिळालाय, फक्त कुठली ते ठरत नाहीये. जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून.

मी कोल्हापूरचा. सध्या माझ्याकडे २०१२ ची होंडा सीबीआर २५०आर आहे आणि ती मी विकणार नाही, ऑफिस, बाजार, मुलीचा क्लास सगळं तिच्यावरच चालतं आणि इंजिन अजून एकदम गोड आहे. पण ती शेवटी २४९ सीसीची सिंगल सिलेंडर, एकटा असलो की काही तक्रार नाही, बायको मागे, दोन बॅगा, आणि समोर अंबोली चढणारा ट्रक असला की ओव्हरटेकला दोन गिअर खाली टाकून वाट बघत बसावं लागतं. धारवाड-हुबळीच्या पुढे, चित्रदुर्गपर्यंत वगैरे गेलं की सहाव्या गिअरमध्ये ती सतत ओरडत असते, आणि संध्याकाळी हाताला झिणझिण्या. म्हणून लांबच्यासाठी दुसरी गाडी.

ॲडव्हेंचर बाईक का नको असं मित्र विचारतात. माझं जवळजवळ सगळं फिरणं डांबरावर आहे. गगनबावडा, भुईबावडा, राधानगरीहून फोंडा, आंबा घाट, नाहीतर सरळ हायवेने कर्नाटक. मला वळणावर गाडी आडवी घालायला मनापासून आवडते, आणि त्याच गाडीवर दिवसभर बसताही आलं पाहिजे, वारा छातीवर घ्यायला नको, मागच्या माणसाला नीट बसता आलं पाहिजे. स्पोर्ट टूररकडून मला एवढंच हवंय.

निन्जा १००० आधीच यादीतून काढली. १०४३ सीसी, १४० च्या आसपास पीएस ताकद, सव्वादोनशे किलोच्या वर वजन, मागचा टायर १९० चा. गाडी जबरदस्त आहे यात वादच नाही. पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आपल्या दुचाकींना बंदी, समृद्धीवर बंदी, मग उरतो तो एनएच ४८, तिथे कागल-सातारा रुंदीकरणाची डायव्हर्शन आणि उलट्या बाजूने येणारा उसाचा ट्रॅक्टर. तिथे एवढी ताकद वापरणार कुठे? ६५० पुरेशी आहे, उलट तीच योग्य आहे असं माझं ठाम मत झालंय.

आणि जुनीच का, तर सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकला ४० टक्के जीएसटी लागतो, त्यावर रोड टॅक्स, इन्शुरन्स, ऑन रोड आकडा ऐकूनच गप्प बसलो. मोठ्या बाईकची किंमत पहिल्या मालकाच्या हातात धडाधड उतरते, तो उतार दुसऱ्याने सोसलेला बरा. बजेट सगळं धरून पाच लाख, म्हणजे गाडी साडेचारच्या आत आणि उरलेले टायर, बॅटरी, ट्रान्सफर, इन्शुरन्सला.

सध्या तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत.

निन्जा ६५०, २०१८, एमएच १२, पहिला मालक, रनिंग फक्त अकरा हजार, साडेचार म्हणतोय. ६४९ सीसी ट्विन म्हणजे दोन सिलेंडर, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, वजन १९३ किलो, सीट ७९० मिमी. माझी उंची साडेपाच फूट, त्यामुळे दोन्ही पाय आरामात टेकतात आणि गाडी ढकलताना हलकी वाटते. टाकी १५ लिटरची, म्हणजे पेट्रोल पंपाचं गणित थोडं सांभाळायचं. अडचण मागची सीट. लहान आहे, उंच आहे, बसणाऱ्याला माझ्या खांद्यावरून पुढे वाकून बसावं लागतं, आणि बायकोला कंबरेचा त्रास आहे.

व्हर्सिस ६५०, २०१६, केए २२, बेळगावची, दुसरा मालक, रनिंग एकतीस हजार, चार चाळीस, दोन साईड बॉक्स आणि क्रॅश गार्डसकट. काही जण म्हणतील ही स्पोर्ट टूरर कुठे, ही तर ॲडव्हेंचर. दिसायला तशी आहे, पण चाकं दोन्ही १७ इंची, टायर निन्जाच्याच मापाचे, पुढे १२०/७० मागे १६०/६०, आणि इंजिन पण तेच ६४९, फक्त खालच्या आरपीएमला जास्त ओढ देणारं ट्यूनिंग. म्हणजे सरळ बसून चालवायची स्पोर्ट टूररच की. टाकी २१ लिटर. मागची सीट रुंद, धरायला मजबूत हँडल. पण सीट ८४० मिमी आणि वजन २१५ च्या आसपास, माझे चवडेच टेकतात. उतारावर, खडीवर, मागे माणूस बसलेला असताना हे कसं जमेल याची खरी काळजी आहे.

सीबीआर ६५०एफ, २०१५, गावातलीच, एमएच ०९, सगळ्यात स्वस्त, चार सिलेंडर, आवाज असा की ऐकतच राहावं. पण या गाडीला एबीएस नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, त्यामुळे त्याआधीची कुठलीही मोठी गाडी बघताना हे विचारावंच लागतं, निन्जा ६५० सुद्धा २०१७ च्या आधीची घेतली तर तिलाही नाही. जुलैत भुईबावड्यात वळणावर माती वाहून आलेली असते, त्या रस्त्यावर दोनशे किलोची गाडी, मागे बायको, आणि एबीएस नाही, हे मी करणार नाही. चार सिलेंडरच्या प्रेमापोटी कुणी मन वळवू नका प्लीज.

तर खरा प्रश्न निन्जा की व्हर्सिस. माझ्या डोक्यात चाललंय ते असं की सात-आठ वर्षांत अकरा हजार म्हणजे गाडी उभीच होती. सगळे म्हणतात कमी रनिंग म्हणजे सोनं, मला ते पटत नाही. उभ्या गाडीत कूलंट, ब्रेक फ्लुइड, फोर्कचं (पुढच्या सस्पेन्शनचं) सील, रबरी होज ही सगळी वयाने जातात, किलोमीटरने नाही. त्यापेक्षा नियमित पळालेली, वेळेवर ऑइल बदललेली ट्विन एकतीस हजाराला नुकतीच मोकळी झालेली असते. हे बरोबर आहे का? ज्यांनी ६४९ ट्विन पन्नास हजाराच्या पुढे नेली आहे त्यांनी खर्चासकट लिहावं. आणि बायको/नवरा मागे घेऊन या दोन्हीपैकी कुणावर दिवसभर प्रवास केलेला असेल तर मागे बसणाऱ्यालाच विचारून लिहा, चालवणाऱ्याचं मत तिथे कामाचं नाही.

----

अपडेट: सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन्ही गाड्या बघून आलो.

निन्जाच्या मालकाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की मी येईपर्यंत सुरू करू नका. माणूस सरळ, ऐकलं त्याने. इंजिनला हात लावला तर थंडगार, स्टार्टर मारल्यावर मात्र बॅटरीने दोनदा मान टाकली. तिसऱ्यांदा सुरू झाली आणि मग अगदी छान चालली, आवाज स्वच्छ, धूर नाही, गरम झाल्यावर फॅन पण वेळेवर सुरू झाला. पुढच्या टायरवर १४१८ छापलंय, म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा, कंपनीतून आलेलाच टायर. नक्षी बघितली तर भरपूर शिल्लक, फोटोत कुणीही फसेल, पण नख दाबलं तर रुतत नाही, प्लॅस्टिकसारखा झालाय आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा. डाव्या फोर्कच्या नळीवर तेलाची बारीक कड. चेनची एक बाजू तांबूस. शेवटचं सर्व्हिस बिल २०२१ चं. फेअरिंगवर ओरखडा नाही, लिव्हरची टोकं, बार एंड, इंजिन कव्हर सगळं कोरं, स्टिअरिंगच्या स्टॉपरला पण कुठे दणका नाही. गाडी पडलेली नाही हे नक्की, फक्त बिचारी झाकून ठेवलेली आहे. टायर जोडी, बॅटरी, फोर्क सील, चेनसेट, सगळे फ्लुइड धरले तर साडेचारात ती मला बसत नाही, आणि मालक दहा हजारापेक्षा जास्त कमी करायला तयार नाही.

बेळगावला बायकोला घेऊन गेलो. त्या काकांनी, मालक साठीचे आहेत, एक फाइलच पुढे ठेवली. ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासल्याची नोंद, प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले, आकडे एकापुढे एक नीट चढत गेलेले. डिस्कवर कमीतकमी जाडी कोरलेली असते, ती वाचून व्हर्निअर लावला तर पुढच्या दोन्ही अजून बऱ्यापैकी वर आहेत. उजव्या बॉक्सला घासल्याची खूण आहे, उभी असताना पडली म्हणाले, क्रॅश गार्डवर त्याच उंचीला खूण आहे त्यामुळे पटलं. बायको मागे बसली, खानापूर रोडला चक्कर मारली, उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला की बॉक्समध्ये हेल्मेट मावतं का, म्हणजे सीटबद्दल तक्रार नाही असं मी धरतोय.

उंचीचं म्हणाल तर एकटा असताना जमलं, मागे ती असताना एकदा चौकात डावीकडे झुकली, सावरली. इथे कुणीतरी लोअरिंग किट (मागचं सस्पेन्शन खाली आणून गाडीची उंची कमी करणारा भाग) लावायला सांगितलंय, दुसऱ्या दादांनी सीटचा फोम पुढून कमी करायला. मी फोमच्या बाजूने आहे, कारण किटने मागची बाजू बसते, वळणावर गाडी आळशी होते आणि साईड स्टँड पण कापावा लागतो. फोम कापून जांघेपाशी सीट अरुंद केली तर पाय सरळ खाली जातो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हे काम नीट करणारा सीटवाला माहीत असेल तर जरूर सांगा, नेहमीचे रेक्झिन मारणारे नकोत, त्यांनी फोम उलटसुलट कापला तर बायकोची सोय जायची.

राहिला कागदांचा भाग, आणि इथे मला खरंच मदत पाहिजे. गाडी केए ची. बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. माझ्या समजुतीप्रमाणे आधी बेळगाव आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग इथे ट्रान्सफरसाठी फॉर्म २९, ३०, नवीन नंबरसाठी २७, आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला रोड टॅक्स. आरसीवर बँकेचा बोजा नाही, चलनं ऑनलाइन बघितली, शून्य आहेत. इन्शुरन्स माझ्या नावावर चौदा दिवसांत करायचा, काकांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहणार, ३५० सीसीच्या वर म्हणून थर्ड पार्टीच वर्षाला २,८०४ अधिक जीएसटी, ते सगळं धरलंय. पण रोड टॅक्स ते कुठल्या किमतीवर लावतात, तेव्हाच्या बिलाच्या की आजच्या, आणि कर्नाटकचा उरलेला टॅक्स परत मिळवायला काकांना स्वतः बेळगाव आरटीओत अर्ज करावा लागतो का? ते करायला तयार आहेत, पण त्यांना चार खेपा घालायला लावणं मला बरं वाटत नाही.

इसार अजून दिलेला नाही. काकांनी रविवारपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही असा शब्द दिलाय. टॅक्सचा आकडा तीस-पस्तीस हजारात बसत असेल तर रविवारी सकाळीच निघतो, त्याच्या वर जात असेल तर चार चाळीसवर पुन्हा बोलावं लागेल. ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षात केए ची मोठी बाईक एमएच ०९ किंवा एमएच १० ला आणलीय त्यांनी किती भरले आणि किती दिवस लागले एवढं तरी प्लीज लिहा.