निसर्ग वादळानंतर वाडीतली सावली परत कशी आणायची?

पोफळवाडी: माहेर दिवेआगरचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी ठाण्यात, लॉकडाऊनमध्ये अडकलेली. फोन सगळे बंद. पाचव्या दिवशी आईचा आवाज ऐकला. "घर आहे, वाडी नाही गं," एवढंच म्हणाली. साडेतीनशे पोफळींतल्या, म्हणजे सुपारीच्या झाडांतल्या, 42 उरल्या, माड 11.

घरावर पत्रे चढले, वीज आली, सगळं हळूहळू रांगेला लागलं. सावली तेवढी गेली ती गेलीच. आमच्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा. आता बाराचं ऊन थेट चुलीपर्यंत येतं. पूर्वी रात्रभर विऱ्या, म्हणजे पोफळीची वाळलेली पानं, देठाच्या रुंद आवरणासकट पडायच्या, धप्प धप्प. लहानपणी मी त्या आवाजाने आईला चिकटायचे. गेल्या खेपेला मी असताना एकच पडली. आई उठून बसली आणि उजाडल्यावर ती विरी शोधून घेऊन आली.

2021 च्या पावसात 120 रोपं लावली. तिसरं वर्ष चालू आहे, 40 मेली, बाकीची पिवळी. वाचलेल्या जुन्या पोफळींची खोडंही पश्चिमेकडून काळपट पडून तडकताहेत. भाऊ म्हणतो, पर्यटकांसाठी खोल्या बांधू. मला वाडी हवी आहे. 2020 नंतर कुणाची लागवड जगली आहे का?

रोठावाला: ताई, आमची श्रीवर्धनला जगली, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी आम्हीही उघड्यावर लावली होती. पोफळीला दुपारनंतरचं ऊन सोसत नाही. दक्षिण आणि पश्चिम अंगाला आधी केळी लावा, त्यांच्या आडोशाला रोपं, नऊ नऊ फुटांवर. जुन्या खोडांना त्या बाजूने झाप नाहीतर विऱ्याच बांधा. तडकलेलं खोड सांधत नाही, पण पुढचं वाचतं.
पडलेल्या माडांचे ओंडके कुठे आहेत? कुजत पडले असतील तर त्यातच गेंड्या भुंगा वाढतो आणि उरलेल्या माडांचे कोंब खातो. 11 माड आहेत म्हणता, ते आधी सांभाळा.

खाडीपलीकडे: आंजर्ल्याहून. पोफळींमध्ये जायफळ लावायचं मनात असेल तर घाई करू नका. सावलीशिवाय लावलेली आमची चारही गेली. खोल्यांचं म्हणाल तर आम्ही दोन बांधल्या, वाडीच्या कडेला, पाण्याच्या पाटाला हात न लावता. त्या पैशातून वाडी शिपण्याचा, म्हणजे पाणी देण्याचा खर्च निघतो. भावाशी भांडू नका, त्याला कडेची जागा दाखवा.

पोफळवाडी: दोघांचेही मनापासून आभार. सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. ओंडके विहिरीमागे रचलेलेच होते. तिने गड्याकडून एक फोडून घेतला. आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, वेटोळं करून बसलेल्या, ओंजळभर. संध्याकाळपर्यंत सगळे ओंडके फोडून जाळले. केळीचे मुनवे शेजारच्या काकू देणार आहेत. शनिवारी भाऊ आणि मी दोघं जातोय, कडेची जागा मोजायला टेप घेतली आहे.