मदत हवी आहे : जुन्या आलिशान गाडीची दखल सर्व्हिस सेंटर घेत नाही

माझी गाडी ११ वर्षांची असून तिची वॉरंटी संपलेली आहे. गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची विनंती केली असता, ते आयुष्यभरासाठी भरलेले असते असे सांगून अधिकृत सर्व्हिस सेंटरने नकार दिला. वास्तविक माझ्या गाडीचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदलण्याची शिफारस करते. तपासणीचा लेखी अहवालही न देता नवी गाडी घेण्याचा सल्ला मिळाला, याचे फार वाईट वाटले, कारण पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक सर्व्हिसिंग मी तिथेच करून घेतली आहे. अशा वेळी थेट उत्पादक कंपनीकडे लेखी तक्रार करावी, की याच बनावटीचे काम जाणणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडे जावे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.