मे-जूनमध्ये अरबी समुद्रावर नजर कशी ठेवायची? मॉडेल, दाब, वारा

खाडीकाठ

मेच्या मध्यापासून मान्सून स्थिरावेपर्यंतचे दिवस आपल्या किनाऱ्यासाठी नाजूक असतात. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते आणि २०२३ चं बिपरजॉय, ही तिन्ही चक्रीवादळं याच काळातली. तीन प्रश्न आहेत.

१. विंडी या हवामानाच्या अॅपवर जीएफएस हे अमेरिकी मॉडेल दहाव्या दिवशी रत्नागिरीसमोर मोठं वादळ दाखवतं, युरोपियन मॉडेल काहीच दाखवत नाही. कोणावर आणि किती दिवस आधीपासून भरवसा ठेवायचा?
२. मोबाईलमधल्या दाबमापकाचा काही उपयोग होतो का? रोज दुपारी दाब पडलेलाच दिसतो.
३. वादळ किनाऱ्याला समांतर वर निघून जाणार की आत वळणार, याचा अंदाज जागेवरून बांधता येतो का?

ठिकाण दक्षिण रत्नागिरीचा किनारा, घर समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, होड्या खाडीच्या मुखाशी.

---

समदाबरेषा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सात दिवसांपलीकडचं एकच चित्र बघून काहीही ठरवू नका, मॉडेल कोणतंही असो. जीएफएसला मे महिन्यात नसलेली वादळं उभी करायची खोड आहे. खरं-खोटं ओळखायची सोपी कसोटी म्हणजे तारीख. सोमवारी मॉडेल म्हणतं 'आठव्या दिवशी वादळ', गुरुवारीही म्हणतं 'आठव्या दिवशी वादळ', तर ते वादळ भासमान आहे. खऱ्या प्रणालीची निर्मितीची तारीख जागेवर राहते आणि आपण तिच्याजवळ जात राहतो. त्यामुळे प्रत्येक वेळी 'किती दिवसांनी' हे न लिहिता 'कोणत्या तारखेला, कोणत्या अक्षांशावर' हे वहीत लिहा. जीएफएस दिवसातून चारदा चालतं. सलग चार वेळा तारीख आणि जागा फारशी हलली नाही आणि युरोपियन मॉडेलही त्याच बाजूला आलं, की लक्ष घालायचं.

त्याआधी हवामान विभागाचं दिल्लीचं चक्रीवादळ केंद्र रोज जो आढावा काढतं तो वाचायची सवय लावा. त्यात पुढच्या सात दिवसांत कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होण्याची शक्यता शून्य, कमी (१ ते ३३ टक्के), मध्यम (३४ ते ६७) किंवा जास्त (६८ ते १००) अशी तक्त्यात दिलेली असते. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा वेगळा अंदाज येतो. केंद्रबिंदूच तयार झाला नसेल तर मार्गाच्या रेघांना काही अर्थ नसतो, हे पक्कं ध्यानात असू द्या. लोक नेमक्या याच रेघा फॉरवर्ड करत बसतात.

केंद्र ठरलं, म्हणजे डिप्रेशन (वारा ३१ ते ५० किमी प्रतितास) झालं, की मग मार्गाचा अंदाज चांगला येतो. २४ तासांच्या अंदाजात सरासरी चूक ७५ किमीच्या आसपास, ७२ तासांच्या अंदाजात दीडशेच्या आसपास. म्हणजे तीन दिवस आधी 'श्रीवर्धन' आणि 'मालवण' यांत फरक करता येईलच असं नाही. ६३ किमीच्या वर चक्रीवादळ, ८९ च्या वर तीव्र, ११८ च्या वर अतितीव्र. अमेरिकी संस्थेचा आकडा भारतीय आकड्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, कारण ते एका मिनिटाची सरासरी घेतात आणि आपण तीन मिनिटांची. वादळ तेच असतं.

आपल्या किनाऱ्याची खरी अडचण वेळेची आहे. निसर्ग १ जूनला डिप्रेशन झालं आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. नियमाप्रमाणे पहिली पूर्वसूचना ७२ तास आधी, मग ४८ तासांवर सतर्कता, २४ तासांवर इशारा. पण वादळ जवळच जन्मलं तर हे टप्पे एकमेकांवर चढतात. म्हणून आग्नेय किंवा पूर्वमध्य अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे आणि शक्यता 'मध्यम' झाली, एवढ्यावर होड्यांची आवराआवर सुरू करावी. बिपरजॉयसारखं डिप्रेशनपासून गुजरातच्या जखाऊपर्यंत नऊ-दहा दिवस घेणारं वादळ हा अपवाद समजा.

---

पर्जन्यमापक

दाबाबद्दल. रोज दुपारी दाब पडतो तो वादळामुळे नाही. उष्ण कटिबंधात दाबालाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हा चढउतार ३ ते ४ हेक्टोपास्कलचा (दाबाचं एकक) असतो. त्यामुळे सकाळी दहाचा आकडा दुपारी चारशी ताडून पाहिला तर रोजच वादळ येईल.

तुलना फक्त कालच्या त्याच वेळेशी करायची. सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा अशा तीन नोंदी, एकाच खोलीत, एकाच मजल्यावर (एक मजला चढलं की साधारण पाव ते अर्धा हेक्टोपास्कल कमी होतो). कालच्यापेक्षा १-२ चा फरक नेहमीचा. ३ किंवा जास्त घट आली आणि पुढच्या नोंदीतही टिकली, तर समुद्रात काहीतरी आहे. त्याहून बोलकी खूण रात्री मिळते. दुपारी चारनंतर दाब वर चढायला हवा, तो रात्री दहापर्यंत जागचा हललाच नाही किंवा आणखी उतरला, तर वादळाची घट रोजच्या चढाला खाऊन टाकते आहे असं समजा.

तुमच्या ४० मीटर उंचीसाठी मोबाईलच्या आकड्यात साधारण साडेचार मिळवले की समुद्रसपाटीचा दाब येतो. हवामान केंद्राच्या आकड्याशी ताडून एकदा फरक काढून ठेवा, कारण फोनचे सेन्सर एक-दोन हेक्टोपास्कलने इकडेतिकडे असतात. बदल मात्र ते चांगला पकडतात. अॅप निवडताना ते सेन्सरचा आकडा दाखवतं की इंटरनेटवरून मॉडेलचा, हे तपासा. फोन घेऊन जिना चढा. आकडा हलला नाही तर अॅप तुमच्या कामाचं नाही.

एक सावधगिरी. वळवाचा पाऊस सह्याद्रीकडून खाली उतरतो तेव्हा थंड वाऱ्याच्या झोताबरोबर दाब काही मिनिटांत एकदम वर उडी मारतो आणि तासाभरात पुन्हा खाली येतो. आलेखावर ही घट भीतीदायक दिसते, पण तिचा चक्रीवादळाशी संबंध नसतो.

---

दर्यासारंग

तिसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि तो जागेवरून सुटतो.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. उत्तर गोलार्धात कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. मे महिन्यात सकाळी मतलई आणि दुपारी खारे वारे हा नेम असतो. दुपारी खारा वारा सुटलाच नाही आणि पूर्व-आग्नेयेकडून वारा दिवसभर राहिला, तर केंद्र नैऋत्येला समुद्रात आहे. मात्र ढग आणि वारा घरासमोरच्या डोंगराआड बघू नका, उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) बघा.

पुढे वारा कोणत्या बाजूने फिरतो ते महत्त्वाचं. आग्नेय, मग दक्षिण, मग नैऋत्य असा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरला, तर केंद्र तुमच्यासमोरून उत्तरेला चाललं आहे आणि तुम्ही त्याच्या उजव्या अंगाला आहात. तौक्तेच्या वेळी कोकण असं होतं. पूर्व, ईशान्य, उत्तर, वायव्य असा उलटा फिरला, तर केंद्र तुमच्या दक्षिणेला किनारा ओलांडतं आहे. दिशा न बदलता वारा वाढतच गेला आणि दाब उतरतच राहिला, तर ते थेट तुमच्याकडे येतंय.

डावी-उजवी बाजू कळून उपयोग काय? उजव्या अंगाला समुद्राकडचा वारा पाणी खाडीत ढकलतो. डाव्या अंगाला तो जमिनीकडून सुटतो आणि मुखाशी पाणी उलट ओढलं जातं.

लाटांचं म्हणाल तर बारा सेकंदांची लांब लाट खोल पाण्यात ताशी ३३-३४ किमीने येते. वादळ स्वतः ताशी १०-१५ किमीने सरकतं, म्हणून ८०० किमीवरच्या वादळाची लाट दिवसभरात पोचते. घड्याळ लावून दहा लाटा मोजा आणि एकूण वेळेला दहाने भागा. पण एवढ्यावर घाबरू नका. एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरातूनही चौदा सेकंदांपेक्षा लांब लाटा दक्षिण-नैऋत्येकडून येतात. त्यांच्याबद्दल इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) लाटांचा इशारा असतो, आणि दाब मात्र जागच्या जागी असतो. लाट आणि दाब दोन्ही एकत्र बिघडले तरच वादळ.

बंदरावरचा बावटाही बघा. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळी हवामान दूर समुद्रात, तीन आणि चार म्हणजे बंदरालाच धोका, आठ ते दहा महाधोका.

---

खाडीकाठ

फार उपयोगी. दोन शंका उरल्या. उपग्रहाच्या चित्रात रात्री लालभडक दिसणारा ढग दुपारी विरतो, मग वादळ कमकुवत झालं म्हणायचं का? आणि गोव्याच्या रडारवर काहीच दिसत नसेल तर निर्धास्त राहायचं का?

---

समदाबरेषा

दोन्हींना नाही.

इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रातला रंग पावसाचा नसतो, ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा असतो. समुद्रावरचे ढग पहाटे सर्वात उंच जातात, दुपारी बसतात. इथेही कालच्या त्याच वेळेचं चित्र शेजारी ठेवा. चित्रावरची वेळ यूटीसी असते, त्यात साडेपाच तास मिळवा. आणखी एक गोष्ट अनेकांकडून निसटते: जूनमध्ये वरचे वारे पूर्वेकडून असतात, ते ढगांचा पुंजका पश्चिमेला ढकलतात. वादळाचं खरं केंद्र पुंजक्याच्या पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याच्या जास्त जवळ, पातळ ढगांत असू शकतं. पुंजक्याच्या मध्यावर बोट ठेवून अंतर मोजू नका, बुलेटिनमधले अक्षांश-रेखांश नकाशावर मांडा.

रडारचं असं की पृथ्वी गोल असल्यामुळे अर्ध्या अंशावर सोडलेला किरण १५० किमीवर जमिनीपासून अडीच किमी उंच गेलेला असतो, २०० किमीवर चार किमी. दक्षिण रत्नागिरी पणजीपासून साधारण दीडशे किमी दूर. खालचा पाऊस आणि वारा किरणाच्या खालून निघून जातो.

---

दर्यासारंग

होड्यांबद्दल थोडं. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी एक सेंटिमीटर चढतं, म्हणजे २० उतरला तर वीतभर. बाकीचं सगळं वारा ढकलतो, आणि ते उधाणाच्या भरतीवर आलं तर खरा धोका. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. वद्य पक्षातही तिथी प्रतिपदेपासून मोजायची. हा हिशोब मुंबईचा, तुमच्याकडे भरती थोडी आधी होते. वादळाची वेळ आणि भरतीची वेळ बुलेटिन हातात आल्याबरोबर शेजारी लिहून ठेवा.

नांगरताना पूर्वेच्या डोंगराचा आडोसा बघून सगळे दोर एकाच बाजूला बांधलेले दिसतात. वारा आग्नेयेकडून असेपर्यंत होडी निवांत असते. तो नैऋत्येला फिरला की तीच जागा उघडी पडते आणि होडी दगडांवर जाते. दोर दोन्ही बाजूंना हवेत, आणि उधाणाच्या रेषेवर आणखी मीटरभर पाणी चढेल एवढी ढील हवी. ताणून बांधलेला दोर पाणी चढताना होडीचं नाक खाली ओढतो. इंजिन उतरवता येत असेल तर 'मध्यम' शक्यतेलाच उतरवा, वारा सुटल्यावर ते जमत नाही.