जुनं ३२ बोअर कोल्ट १९०३ : गोळी मॅगझिनमध्येच अडकते

बाळीवेस_७६
वारसाहक्काने आलेलं कोल्ट १९०३ पिस्तूल, गोळी ३२ एसीपी. लायसन्सवर नाव चढलंय. दोन-तीन गोळ्या नीट जातात, पुढची मॅगझिनमध्येच रुतते, स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) ती पुढे सरकवता येत नाही. स्प्रिंग गेली का? आणि रिकामी केसिंग (झाडलेल्या गोळीची पितळी टोपणं) घरी पुन्हा भरता येतील का?

सातरस्ता
स्प्रिंगच्या आधी भरायची पद्धत बघा. ३२ एसीपीच्या बुडाची कड जराशी बाहेर असते. वरच्या गोळीची कड खालचीच्या कडेमागे गेली की ती पुढे सरकतच नाही. भरताना प्रत्येक गोळीची कड खालचीच्या पुढे ठेवा. होलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी लांबीला आखूड, त्यामुळे मॅगझिनमध्ये मागेपुढे हलायला जागा मिळते. साधी ७१ ग्रेन वजनाची फुल जॅकेट (पूर्ण धातूने मढवलेली) वापरा. अडकलीच तर मॅगझिन बाहेर काढून बारीक लाकडी काडीने खालच्या गोळ्या दाबा. तरीही होत असेल तर मग मॅगझिनची स्प्रिंग आणि वरचे ओठ तपासा.

दुकानात नुसतं ‘३२ द्या’ म्हणू नका. रिव्हॉल्व्हरची ३२ लाँग वेगळी. तिची केस सुमारे २३ मिमी, तुमची १७.

जुनाफौजदार
साफ करताना: मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर (नळीचा गोळी बसते तो भाग) डोळ्याने आणि बोटानेही तपासा. या पिस्तुलाच्या जुन्या नगांत मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधली गोळी सुटते, म्हणून हे दोनदा करा. मग स्लाइडची खूण फ्रेमच्या पुढच्या टोकाशी जुळेपर्यंत मागे ओढून बॅरल फिरवा. लग्ज (बॅरलचे अडकणारे दाते) सुटले की स्लाइड पुढून निघते. जोर लावावा लागत असेल तर खूण जुळलेली नाही. या मॉडेलच्या ‘हॅमरलेस’ नावावर जाऊ नका, हॅमर (घाव घालणारा घोडा) आत लपलेला आहे.

जुनी गोळी झाडली असेल तर नुसतं तेल पुरत नाही. जुन्या प्रायमरचं (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचं) मीठ उरतं, ते ओल ओढतं आणि तेलात विरघळत नाही. नळीतून आधी कढत पाणी, मग कोरडं, मग शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभरच. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

सातरस्ता
ठेवणीबद्दल: चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा चादरीत गुंडाळून ठेवू नका, अगदी सोलापुरी असली तरी. सुती कापड पावसाळ्यात ओल धरतं. कुलूपबंद पेटीत सिलिका जेल ठेवा, निळी गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवा. गंजाचा ठिपका दिसला तर तेल लावून शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टील वूल, हलक्या हाताने. पुन्हा ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करू नका, संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच पडते.

जुनाफौजदार
केसिंग भरायचं विसरा. काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये येतं, त्याला वेगळा परवाना लागतो. तुमचं लायसन्स बाळगण्याचं. दुरुस्तीही परवानाधारक गनस्मिथकडेच, आणि कागद जवळ ठेवा.

बाळीवेस_७६
बुडाच्या कडाच उलट्या बसत होत्या. नीट लावल्यावर स्लाइड हाताने सरकवून बघू का?

सातरस्ता
जिवंत गोळीवर नको. स्नॅप कॅप (दारू नसलेली नकली गोळी) भरा, फायरिंग पिनही तुटायची नाही.