बशीर दिल्लीत येऊन गेला, मग पकडला का नाही?

राज्यसेवावाला: सुदानच्या दारफुर भागातल्या अत्याचारांचं प्रकरण वाचतोय. तिथला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर, त्याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2009 मध्ये वॉरंट काढलं, 2010 मध्ये नरसंहाराच्या आरोपाचं दुसरं. तरी ऑक्टोबर 2015 मध्ये हा गृहस्थ भारत-आफ्रिका परिषदेला दिल्लीत पाहुणा! आपण नियम मोडला का?

खडूफळा: नाही. हे न्यायालय ज्या रोम करारातून उभं राहिलं, त्यावर आपली सहीच नाही. सुरक्षा परिषदेचा 2005 चा ठराव 1593 सुदानवर सहकार्याचं बंधन घालतो. कराराबाहेरच्या इतर देशांना नुसता आग्रह.

मुक्काम दिल्ली: कायद्याने सुटलो हो. पण ओएनजीसी विदेशचा सुदानच्या तेल प्रकल्पात 25 टक्के वाटा होता, तेही लिहा की! मी तेव्हा दिल्लीत नोकरीला. बस अडकली म्हणून खिडकीतून खांबांवरचे झेंडे मोजत बसलो होतो. शेजारच्याने विचारलं, कोण आलंय? म्हटलं, आफ्रिकेतले पाहुणे. बशीरचं दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

खडूफळा: तेलाचं मान्य. पण खरी नाचक्की दक्षिण आफ्रिकेची, ते तर या न्यायालयाचे सदस्य. जून 2015 मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टाने तिथे आलेल्या बशीरला देश सोडू देऊ नका म्हणून बजावलं, आणि स्वारी वॉटरक्लूफच्या लष्करी तळावरून पसार!

राज्यसेवावाला: म्हणजे वॉरंट फक्त कागदावर?

खडूफळा: बशीरपुरतं म्हणा. दारफुरमधल्या जंजावीद या सरकारधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या अली कुशैब, वॉरंट 2007 चं. 2020 मध्ये शरण आला, 2025 मध्ये दोषी ठरला.

मुक्काम दिल्ली: अठरा वर्षं!