लढाईच्या दिवसांत ‘युद्ध नको’ लिहिलं तर गुन्हा होतो का?

आर्वीकडचा कास्तकार:
नमस्कार मंडळी. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली होती, तेव्हा माझ्या पुतण्यानं स्टेटस ठेवलं, ‘युद्ध नको. तिकडे मरतो तो कास्तकाराचाच पोरगा.’ एवढंच. संध्याकाळपर्यंत त्याला गावाच्या ग्रुपमधून काढलं. पारावर दोघंतिघं म्हणाले, ठाण्यात रिपोर्ट देतो, देशद्रोह लागते. रिपोर्ट कोणी दिला नाही, पण पोट्टा आठ दिवस वावरातच झोपला. पोलीस भरतीची तयारी करून राहिला, म्हणून भीती जास्त. माझा आजा सांगे, पवनारच्या विनोबांना युद्धाविरुद्ध बोलले म्हणून इंग्रजांनी जेलात टाकलं. आता तर आपलं राज्य आहे. कायदा नेमका काय म्हणतो?

तालुका कोर्टातला वकील:
काका, त्या वाक्यात गुन्हा नाही. पुतण्याला आजच सांगा.

आजोबांचं खरं आहे. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून पवनारला बोलले, २१ तारखेला अटक झाली. तेव्हा भारत संरक्षण कायदा होता. आज बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम १९ आहे. त्याचं संरक्षण कलम ३५८ खाली उठतं, पण युद्ध किंवा परकीय आक्रमणावरून राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली तरच. तशी ती १९६२ आणि १९७१ ला झाली. कारगिलला नाही, २०२५ लाही नाही. टीव्हीवर सायरन वाजला म्हणून आपले हक्क जात नाहीत. आणि १९६२ ची आणीबाणी चालू असतानाही, १९६५ मध्ये, स्थानबद्ध प्रभाकर संझगिरींनी तुरुंगात लिहिलेलं अणूवरचं मराठी पुस्तक छपाईला बाहेर जाऊ द्या, असं सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र सरकारला सांगितलं होतं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

जुन्या देशद्रोहाच्या कलमाचा वापर सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये थांबवला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिचं कलम १५२ आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, म्हणून नाव ऐकूनच माणूस गार पडतो. पण त्याला फुटीरपणा, सशस्त्र बंड अशी चिथावणी लागते. सरकारच्या धोरणावर नाराजी दाखवणं त्यात येत नाही.

तरी खोटा धीर देत नाही. त्याच मे महिन्यात पुण्याच्या एका विद्यार्थिनीला पोस्टवरून अटक झाली, हायकोर्टानं सोडेपर्यंत ती तुरुंगात होती. ठाण्यातून बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागा, एकटं पाठवू नका. आणि पुलगावच्या दारूगोळा डेपोकडच्या गाड्यांचे व्हिडिओ, खोट्या अफवा, धर्मावरून भडकावणं, यात मात्र खरोखर गुन्हा लागू शकतो.

माजी सैनिक, बुलढाणा:
अठरा वर्षं फौजेत काढली. लढाई चालू असताना असं लिहू नये, असं माझं मत आहे. पण पोराला देशद्रोही म्हणणं मला सहन होत नाही. कारगिलच्या वेळी माझ्या मायचं पत्र आलं होतं, ‘लढाई लवकर थांबू दे बापा.’ तिच्यावरही केस करणार का?

आर्वीकडचा कास्तकार:
वकील साहेब, फौजी भाऊ, दोघांचं पुतण्याला वाचून दाखवलं. त्यानं एकच विचारलं, ग्रुपमध्ये परत घेतील का? अॅडमिन माझा चुलतभाऊच आहे. उद्या सकाळी त्याच्या वावरात जातो.