जपानी, कोरियन, थाई भयपट : तुमच्या घरात शिरलेलं भूत कुठलं?

परवा भावाबरोबर खूप वर्षांनी जपानी 'रिंगू' परत बघितला, हिदेओ नाकाताचा, १९९८ चा. पहिल्यांदा बघितलेला हॉस्टेलवर, एका मित्राच्या कॉम्प्युटरवर, सहा जण एका खाटेवर दाटीवाटीने, सबटायटल्स अर्धी कापलेली, आणि सादाको, म्हणजे शापित व्हिडिओ कॅसेटमधलं भूत, टीव्हीतून बाहेर यायला लागली तेव्हा सहाही जण चिडीचूप. यावेळी वाटलेलं आता कसली भीती, व्हिडिओ कॅसेटच राहिल्या नाहीत. पण ती चाल! नटीला उलटं चालायला लावून शूटिंग मागून पुढे फिरवलंय, हे आता माहीत आहे, तरी पोटात गोळा आलाच. आणि यावेळी वेगळंच काहीतरी मनात राहिलं. सादाकोला विहिरीत ढकलणारा तिचा बापच. नायिका त्या विहिरीत उतरते, तिचा सांगाडा छातीशी धरते, आपल्याला वाटतं सुटली बिचारी, गती मिळाली. नाही मिळत. शाप तसाच चालू. आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत क्रियाकर्म नीट झालं की भूत शांत होतं, इथे नाही होत, आणि मला हे जास्त खरं वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. यादी नको, कुठे बघितला, कुणाबरोबर, आणि काय मागे राहिलं ते सांगा.

----

माझा 'डार्क वॉटर', २००२ चा, तोही नाकाताचाच. डोंबिवलीला वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे तेव्हा, मुलगी पाच वर्षांची, घटस्फोटाची केस चालू, आणि बेडरूमच्या छताला ओल. सिनेमात हुबेहूब तेच! मुलीचा ताबा मिळावा म्हणून धडपडणारी आई, छतावर पसरत जाणारा डाग, कितीदा टाकली तरी परत येणारी ती लहान मुलीची लाल बॅग. भुतापेक्षा मला भीती वाटली ती शाळेतून न्यायला उशीर झालाय आणि पोरगी वाट बघत बसलीये त्या सीनची, कारण माझी लोकल चुकली की मी ठाण्यापासून तेच चित्र डोळ्यांसमोर घेऊन उभी असायचे. शेवटी आपली मुलगी वाचावी म्हणून ती आई लिफ्टमध्ये त्या मेलेल्या पोरीची आई व्हायला तयार होते. मी तोंडात ओढणी कोंबून रडले, मुलगी शेजारी झोपली होती म्हणून. हा भयपट आहे असं मी अजून कुणाला सांगत नाही, आईचा सिनेमा म्हणून सांगते.

----

मी कामानिमित्त टोकियोत काही वर्षं होतो. तिकडे भुताच्या गोष्टी थंडीत नाही, ऐन उन्हाळ्यात सांगतात, अंगावर काटा आला की गार वाटतं म्हणे. आणि ऑगस्टमध्ये ओबोन, पूर्वज घरी येतात तो सण, म्हणजे आपल्या पितृपक्षाच्या जवळचं काहीतरी. त्या मोकळ्या केसांचा आणि पांढऱ्या कपड्यांचा अर्थ मला तिथे कळला. मेलेल्या माणसाला पांढरा किमोनो नेसवायची जुनी पद्धत, बाईचे एरवी बांधलेले केस तेव्हा सुटलेले. म्हणजे सादाको काय नि 'जू-ऑन' या जपानी भयपटातलं भूत कायाको काय, या काही सिनेमावाल्यांनी शोधलेल्या नाहीत. ओइवा नावाची नवऱ्याने फसवलेली बायको १८२५ पासून काबुकीच्या, म्हणजे जपानी पारंपरिक नाटकाच्या, रंगमंचावर सूड घेत्येय, आणि तिचं नाटक करण्याआधी नट मंडळी अजूनही टोकियोतल्या योत्सुयाला तिच्या देवळात जाऊन नमस्कार करून येतात. मी गेलो होतो तिथे. छोटंसं, वस्तीतलं देऊळ. मी पण हात जोडले.

----

वरचं वाचून आजी आठवली. आमचं गाव मालवणजवळ. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून अंगणात दिसले की आजी ओरडायची, "गो, केस बांद आदी!" कॉलेजात 'रिंगू' बघितला तेव्हा पहिला विचार हाच आला की हिला केस बांधायला सांगणारं कोणी नव्हतं.

----

लग्नाचे फोटो काढतो, कोल्हापूर. सुरुवात रोलच्या जमान्यातली, त्यामुळे थाई 'शटर' (२००४) माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. फोटोत पांढरट सावल्या, डार्करूमचा लाल उजेड, आणि त्या फोटोग्राफरची मान सारखी दुखत्येय, डॉक्टरकडे काट्यावर उभा राहतो तर वजन भलतंच. का ते शेवटी कळतं. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. मित्रांनी एका मुलीवर अत्याचार केला तेव्हा हा कॅमेरा घेऊन उभा होता, थांबवलं नाही, फोटो काढले. आणि ती त्याच्या खांद्यावर बसलेली आहे, पहिल्यापासून. आमच्या धंद्यात कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्या गोष्टीत आपण नाही असं वाटायला लागतं, एका लग्नात हुंड्यावरून मुलीच्या बापाला हात जोडायला लावलेले मी बघितलेत आणि फोकस नीट करत बसलो होतो. त्या रात्री सिनेमा संपल्यावर तो बाप डोळ्यांसमोर आला. अजून येतो.

----

बँकॉकला गेलात तर वाट महाबुत देवळाच्या आवारात मे नाकचं ठाणं आहे ते बघा. बाळंतपणात गेलेली बायको, नवरा लढाईवरून परत येतो आणि तिच्यासोबत, बाळासोबत संसार करत राहतो, त्याला माहीतच नाही. १९९९ चा 'नांग नाक' याच लोककथेवर. फळ्यांच्या फटीतून लिंबू खाली पडतं, ती वरूनच हात लांब करून उचलते, आणि तो बघतो. भीती वाटायच्या आधी मला तिचंच वाईट वाटलं, आता याला कळलं, आता हा जाणार. ठाण्यात लोकांनी तिला साड्यांसारखे थाई पोशाख वाहिलेत, बाळासाठी खेळणी, आणि तिच्यासमोर चक्क टीव्ही लावून ठेवलेला. तिथे बायका बाळासाठी नवस बोलतात. आपल्याकडे बाळंतीण गेली की हडळ झाली म्हणून खिळे ठोकायचे किस्से ऐकलेत, इथे तिला टीव्ही.

----

शिमिझूच्या 'जू-ऑन'बद्दल (२००२) एवढंच, की पांघरूण डोक्यावर घेतलं की आपण सुरक्षित, हा लहानपणापासूनचा भरवसा त्या माणसाने मोडला. कायाको पांघरुणाच्या आतच असते. तिचा तो घशातला करकर आवाजही दिग्दर्शकाने स्वतः काढलाय. मी अजून उन्हाळ्यात सुद्धा पाय बाहेर ठेवून झोपत नाही.

----

'अ टेल ऑफ टू सिस्टर्स', कोरियन, २००३. जुन्या लोककथेवर आहे, सावत्र आई आणि दोन बहिणी. पण मला त्यातला एक प्रसंग आठवतो. धाकटी कपाटाखाली अडकलीये, थोरलीला आवाज आलेला असतो, पण सावत्र आईशी भांडण होतं आणि ती रागाने घराबाहेर निघून जाते, मागे वळत नाही. माझा भाऊ गेला त्या संध्याकाळी त्याचे दोन मिसकॉल होते माझ्या फोनवर, आमचं आदल्या दिवशी भांडण झालेलं म्हणून मी उचलला नव्हता. सिनेमा मी त्यानंतर वर्षभराने बघितला, काही माहीत नसताना. शेवटी ती शेतातून चालत जाते आणि पावलं क्षणभर थांबतात, तिथे मी पॉज केलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.